न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींना खुलं पत्र: शाळा, नोकरी आणि शेजारची मुलं

प्रति,
न्यू जर्सीतल्या महाराष्ट्र मंडळांचे पदाधिकारी, सभासद आणि त्यांच्या ओळखीपाळखीतली सगळी मराठी मंडळी

सप्रेम नमस्कार.

मी एसेक्स काउंटीतल्या एका सरकारी हायस्कुलात गणित शिकवते. माझ्या वर्गातली बहुतेक मुलं कृष्णवर्णीय आहेत. कुणाचे आजी-आजोबा दक्षिणेतल्या राज्यांतून इकडे आले, कुणाचे आईवडील हैती किंवा घानातून. राहते मात्र मी तुमच्यातच, मिडलसेक्स काउंटीत, जिथे गणपतीत ढोल-ताशा पथक निघतं आणि रविवारी मराठी शाळा भरते. त्यामुळे दोन्हीकडची बोलणी माझ्या कानावर पडतात. दिवाळीच्या फराळाला किंवा कुणाच्या बारशाला विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं, "त्या लोकांना शिकायचंच नसतं हो." असं म्हणणारी माणसं वाईट नाहीत. अडीअडचणीला मध्यरात्री गाडी काढून धावून येणारी आहेत. पण हे वाक्य खोटं आहे, आणि ते म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण आज अशा खुर्चीत आहेत की त्यांच्या समजुतीची किंमत दुसऱ्यांच्या मुलांना मोजावी लागते. कुणी कंपनीत भरती करतं, कुणी टाउनशिपच्या प्लॅनिंग बोर्डावर आहे, कुणी स्कूल बोर्डावर निवडून आलंय. म्हणून हे पत्र राज्यपालांना किंवा शिक्षण खात्याला न पाठवता तुम्हाला लिहिते आहे.

आधी शाळेबद्दल. घर घेताना आपण सगळ्यात आधी काय बघतो? स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे ते घर कुठल्या सरकारी शाळांच्या हद्दीत येतं ते. रेटिंग दहापैकी नऊ असेल तर ऐपतीबाहेर जाऊन कर्ज काढतो. यात गैर काही नाही, मुलांसाठी आईबाप हेच करणार. पण ते रेटिंग आभाळातून पडत नाही. अमेरिकेत सरकारी शाळांच्या खर्चातला निम्म्याच्या जवळ जाणारा वाटा स्थानिक पैशातून येतो, आणि तो मुख्यतः प्रॉपर्टी टॅक्समधून. म्हणजे ज्या गावात घरं महाग, त्या गावातल्या शाळेत पैसा जास्त. आणि घरं कुठे महाग झाली, कुठे पडून राहिली, हेही आपोआप ठरलेलं नाही. १९३०च्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे काढून वस्त्यांना रंग दिले. कृष्णवर्णीय लोक राहतात त्या वस्त्या बहुतेक ठिकाणी लाल, म्हणजे कर्जाला धोक्याच्या. आपल्या राज्यातल्या नेवार्क शहराचेही असे नकाशे झाले. पुढे सरकारी हमीच्या कर्जावर उपनगरं वसली, ती गोऱ्या कुटुंबांसाठी. आज आपण ज्या कल्-द-सॅकवर राहतो, तिथल्या घराची पहिली विक्री कुणाला होऊ शकली आणि कुणाला नाही, याचा हिशेब त्या काळापर्यंत जातो. २०२२च्या फेडरल रिझर्व्हच्या पाहणीत मध्यम गोऱ्या कुटुंबाची मालमत्ता २,८५,००० डॉलर होती आणि मध्यम कृष्णवर्णीय कुटुंबाची सुमारे ४५,००० डॉलर. एवढी दरी पगारातल्या फरकाने पडत नाही. ती घरांमुळे पडते, आणि पिढ्यान् पिढ्या वाढत जाते.

"मग त्यांनी जास्त कर भरावा" असं मला एका गृहस्थांनी ऐकवलं होतं. त्यांना मी टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहराची गोष्ट सांगितली, ती तुम्हालाही सांगते. तिथे एजवूड नावाचं गरीब डिस्ट्रिक्ट होतं. मुलं मुख्यतः मेक्सिकन वंशाची, थोडी कृष्णवर्णीय. शेजारी अलामो हाइट्स हे श्रीमंत डिस्ट्रिक्ट. एजवूडच्या लोकांनी घरांवर कर लावला शंभर डॉलरला १.०५ डॉलर या दराने. अलामो हाइट्सचा दर होता ८५ सेंट. कर जास्त लावूनही एजवूडच्या हाती दर विद्यार्थ्यामागे २६ डॉलर आले आणि अलामो हाइट्सच्या हाती ३३३. कारण घरांच्या किमतीच तशा. एजवूडचे पालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९७३ साली पाच विरुद्ध चार मतांनी हरले. देशाच्या राज्यघटनेत शिक्षण हा मूलभूत हक्क नाही, असं न्यायालयाने सांगितलं. पुढच्याच वर्षी, १९७४ मध्ये, डेट्रॉइटच्या खटल्यात त्याच न्यायालयाने पुन्हा पाच विरुद्ध चारने निकाल दिला की शहरातल्या शाळांमधला वर्णभेद मोडण्यासाठी आसपासच्या उपनगरांच्या डिस्ट्रिक्टना त्यात ओढता येणार नाही. १९५४ साली शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरला, हे आपण सगळे ऐकून असतो. तो खटला वकील म्हणून जिंकणारे थर्गुड मार्शल १९७४ मध्ये न्यायाधीश होते, आणि विरोधी मत लिहिणाऱ्यांत होते. वीस वर्षांत दार उघडलंही आणि डिस्ट्रिक्टच्या सीमेवर पुन्हा बंदही झालं. 'एडबिल्ड' या संस्थेने २०१९ साली हिशेब मांडला तेव्हा दिसलं की ज्या डिस्ट्रिक्टांत बहुतेक मुलं गोरी आहेत, त्यांना गोऱ्या नसलेल्या मुलांच्या डिस्ट्रिक्टांपेक्षा वर्षाला २३ अब्ज डॉलर जास्त मिळतात, आणि दोन्हीकडे मुलांची संख्या जवळपास सारखीच.

आपल्या राज्याची कथा थोडी वेगळी आहे, आणि त्यातला एक भाग अभिमानाचा आहे. न्यू जर्सीच्या घटनेत १८७५ पासून राज्याने सर्व मुलांना परिपूर्ण आणि कार्यक्षम शिक्षण द्यावं असं लिहिलेलं आहे. त्याचाच आधार घेऊन 'अ‍ॅबट' खटले उभे राहिले. १९९० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने गरीब शहरी डिस्ट्रिक्टना श्रीमंत उपनगरांइतका पैसा द्या असा आदेश दिला, आणि १९९८ मध्ये या डिस्ट्रिक्टांतल्या तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी चांगल्या बालवाड्या काढायला लावल्या. नेवार्क, कॅमडेन, ट्रेंटन इथली हजारो मुलं त्या बालवाड्यांतून शिकली. पैसे ओतून काही होत नाही असं म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक अभ्यास सांगते. देशभरातल्या न्यायालयीन आदेशांमुळे जिथे शाळांचा खर्च वाढला, तिथली मुलं मोठी होईपर्यंत अर्थशास्त्रज्ञांनी त्यांचा माग काढला. बारा वर्षं खर्च दहा टक्क्यांनी जास्त राहिला तर गरीब घरातल्या मुलांची मोठेपणीची कमाई साडेनऊ टक्क्यांच्या आसपास वाढलेली दिसली.

पण पैसा आला तरी मुलं वेगवेगळीच राहिली. या छोट्याशा राज्यात जवळपास ६०० स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत. रस्ता ओलांडला की डिस्ट्रिक्ट बदलतं. हे असंच असायला हवं, असा काही नियम नाही. १९७१ साली मॉरिसटाउन आणि मॉरिस टाउनशिप यांच्यात हाच प्रश्न आला होता. टाउनशिपला आपलं वेगळं हायस्कूल हवं होतं, तसं झालं असतं तर मॉरिसटाउनची शाळा बघता बघता कृष्णवर्णीयांची आणि गरिबांची होऊन बसली असती. राज्याच्या न्यायालयाने शिक्षण आयुक्तांना दोन्ही डिस्ट्रिक्ट एकत्र करायचा अधिकार आहे असं सांगितलं, आणि ती एकत्र झाली. आजही ते डिस्ट्रिक्ट उभं आहे, सगळ्या रंगांची मुलं तिथे एका वर्गात बसतात, आणि आपलीही काही कुटुंबं तिथे आनंदाने राहतात. कायदा आहे, उदाहरण आहे, अडतं ते गावोगावच्या सभांत.

त्या सभांना मी जाते. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी घरं बांधायची बाब आली की माइकपाशी रांग लागते. १९७५च्या माउंट लॉरेल निकालापासून या राज्यातल्या गावांवर अशा घरांची जबाबदारी येत गेली आहे आणि २०२५ पासून तिची पुढची दहा वर्षांची फेरी सुरू झाली आहे. रांगेत आपली माणसं असतात. "शाळांवर ताण येईल", "ट्रॅफिक वाढेल". शाळांवर ताण येईल म्हणजे कुणाची मुलं येतील, हे सगळ्यांना कळतं. मंडळी, ज्या घरांना तुम्ही विरोध करता, त्यांत माझ्या वर्गातल्या एखाद्या मुलीची आई राहायला येणार असते. ती तुमच्या आईवडिलांची घरी येऊन काळजी घेणारी होम हेल्थ एड आहे. तुमच्या गावात रोज कामाला येते आणि रात्री दोन बस बदलून घरी जाते.

आता शाळेच्या आत या. अमेरिकी शिक्षण खात्याच्या नागरी हक्क विभागाने २०१३-१४च्या आकड्यांवरून सांगितलं होतं की ज्या हायस्कुलांत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं जास्त, त्यांतल्या फक्त ३३ टक्के शाळांत कॅल्क्युलस शिकवलं जातं. ती मुलं कमी असलेल्या शाळांत हेच प्रमाण ५६ टक्के. आपल्या मुलांनी कॅल्क्युलस घ्यावं की नाही यावर आपण चर्चा करतो. इथे तो वर्गच नाही. आणि हा रस्ता बाराव्या इयत्तेत बंद होत नाही, आठवीतच होतो. आठवीत अल्जेब्रा झालं तर बारावीत कॅल्क्युलसपर्यंत पोचता येतं. ज्या मिडल स्कूलमध्ये आठवीला अल्जेब्राच नाही, तिथून आलेलं मूल माझ्याकडे नववीत येतं तेव्हाच एक वर्ष मागे असतं.

असा एक मुलगा माझ्याकडे होता. वडील विमानतळावर सामान चढवण्याचं काम करतात. दहावीत त्याने भूमिती आणि अल्जेब्रा टू एकाच वर्षी घेतलं. सकाळी सव्वासातला तो माझ्या खोलीबाहेर उभा असायचा, हातात जर्द पिवळी वही. त्या वहीत प्रत्येक गणित दोन पद्धतींनी सोडवलेलं असे, डाव्या पानावर समीकरणाने आणि उजव्या पानावर आलेख काढून, आणि खाली दोन्ही उत्तरं जुळली की छोटी बरोबरची खूण. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. "एक पद्धत चुकली तर दुसरी पकडून देते, मिस," असं म्हणाला. बारावीत कॅल्क्युलसमध्ये त्याला 'ए' मिळाला. त्याला शिकायचंच नाही असं म्हणणाऱ्याने एकदा ती वही बघावी.

शिक्षा हा आणखी एक विषय आहे. २०११-१२ च्या सरकारी आकडेवारीत बालवाडीतल्या मुलांमध्ये कृष्णवर्णीय मुलं १८ टक्के होती, पण एकाहून जास्त वेळा शाळेतून सस्पेंड झालेल्या बालवाडीच्या मुलांत ती ४८ टक्के निघाली. चार वर्षांची मुलं! त्या वयात मूल चावतं, ढकलतं, जमिनीवर लोळतं. आपलं लोळलं की आपण म्हणतो झोप झाली नाही. दुसऱ्याचं लोळलं की त्याच्या फायलीत नोंद होते, आणि ती फाइल त्याच्याआधी पुढच्या वर्गात पोचते.

वर्गात समोर उभं कोण असतं, यानेही फार फरक पडतो. नॉर्थ कॅरोलिनातल्या मुलांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं की तिसरी ते पाचवी या काळात एकदा तरी कृष्णवर्णीय शिक्षक लाभला, तर अतिशय गरीब घरांतल्या कृष्णवर्णीय मुलग्यांचं हायस्कूल सोडण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. एकच शिक्षक, एकच वर्ष. आणि असे शिक्षक कमी का, याचं उत्तर फार कमी लोकांना माहीत असतं. १९५४च्या निकालानंतर दक्षिणेत शाळा एकत्र झाल्या तेव्हा मुलं गोऱ्यांच्या शाळांत गेली, शिक्षक गेले नाहीत. पुढच्या दहा-अकरा वर्षांत दक्षिणेतल्या आणि उत्तर-दक्षिणेच्या सीमेवरच्या सतरा राज्यांत सुमारे ३८,००० कृष्णवर्णीय शिक्षक आणि मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. एका पिढीचा मध्यमवर्गच तिथे खचला. मी त्या मुलांवर जीव लावते, त्यांचं गणित सुधारतं, पण त्यांच्यातल्या कुणाला माझ्याकडे बघून "मीही असा होईन" असं वाटणार नाही, हे मला ठाऊक आहे.

इथपर्यंत वाचून काही जण म्हणतील, ठीक आहे, शाळा सुधारा, बाकी सगळं आपोआप होईल. मला या पत्रात सगळ्यात ठासून सांगायचंय ते हेच, की आपोआप होत नाही. शाळा संपते तिथे दुसरा फाटा लागतो, आणि त्या फाट्यावर आज तुम्ही उभे आहात.

शिकागो आणि बॉस्टनमध्ये दोन अर्थशास्त्रज्ञांनी वर्तमानपत्रातल्या जाहिरातींना सुमारे ५,००० रेझ्युमे पाठवले. शिक्षण, अनुभव तोलूनमापून सारखे; नावं मात्र काहींवर एमिली आणि ग्रेग, काहींवर लकीशा आणि जमाल. २००४ साली निष्कर्ष छापून आले. गोऱ्या वाटणाऱ्या नावाला दहा अर्जांमागे एक फोन आला, कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावाला पंधरांमागे एक. त्याआधी मिलवॉकीत डेव्हा पेजर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी खरी तरुण मुलं नोकरी मागायला पाठवली होती. तुरुंगात जाऊन आल्याचं सांगणाऱ्या गोऱ्या तरुणाला १७ टक्के ठिकाणांहून परत बोलावणं आलं. कुठलाही गुन्हा नावावर नसलेल्या कृष्णवर्णीय तरुणाला १४ टक्के ठिकाणांहून. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा छपाईची चूक असेल म्हणून पान उलटून तक्ता पाहिला होता. चूक नव्हती.

ही जुनी गोष्ट म्हणावी, तर २०१७ मध्ये अशा सगळ्या प्रयोगांचा एकत्र अभ्यास झाला आणि पंचवीस वर्षांत कृष्णवर्णीयांबाबतचा हा भेद कमी झाल्याचं दिसलं नाही. त्याहून नव्या, मोठ्या कंपन्यांना ८३,००० अर्ज पाठवून केलेल्या अभ्यासातली एक बाब मात्र आशेची आहे आणि ती तुमच्या कामाची आहे. भेद सगळ्या कंपन्यांत सारखा नव्हता. साधारण पाचव्या हिश्श्याच्या कंपन्यांकडे निम्म्या गमावलेल्या संधींचा वाटा होता. ज्या कंपन्यांत भरतीचं काम एका ठिकाणी, ठरलेल्या पद्धतीने चालत होतं, त्यांत भेद कमी होता. जिथे ज्याला जे वाटेल तसं चालतं, तिथे जास्त. म्हणजे मॅनेजर मनाने किती चांगला आहे यापेक्षा, प्रत्येक उमेदवाराला तेच प्रश्न विचारले जातात का, याने जास्त फरक पडतो.

मागच्या हिवाळ्यात मी बारावीच्या मुलांचा रेझ्युमे लिहिण्याचा तास घेत होते. एका मुलीने सगळं छान भरलं, चर्चमध्ये लहान मुलांना शिकवते तेही लिहिलं, आणि मग वर नावाशी थांबली. तिचं नाव तिच्या आजीने ठेवलेलं, ऐकताक्षणी कुणाचं आहे ते कळावं असं. तिने हळूच विचारलं, "मिस, नुसतं आद्याक्षर आणि आडनाव लिहू का?" सतरा वर्षांच्या पोरीला हे कुणी शिकवावं लागलं नाही. आपल्यातही समीरचा सॅम होतो, पण तो सोयीसाठी. लोकांना उच्चारता यावं म्हणून. समीर लिहिलं म्हणून सॉफ्टवेअर कंपनीत त्याचा अर्ज खाली जाईल अशी धास्ती आपल्याला नसते, उलट कधी कधी गणित चांगलं असणार असं परस्पर धरलं जातं. २०१६ साली छापलेल्या एका अभ्यासात कृष्णवर्णीय उमेदवारांनी नाव आणि ओळख पुसून पाठवलेल्या अर्जांपैकी २५ टक्क्यांना बोलावणं आलं, आहे तसे पाठवले त्यांतल्या १० टक्क्यांना. मी तिला काय सांगायचं? मी म्हटलं, तुझं नाव पूर्ण लिही. आणि तेव्हापासून मनाला टोचणी आहे की तो सल्ला माझ्या समाधानाचा होता की तिच्या हिताचा.

पिवळ्या वहीवाल्या मुलाने त्याच सुमारास उन्हाळी इंटर्नशिपसाठी अर्ज टाकले. कुठूनही उत्तर नाही, नकाराचं सुद्धा नाही. आमच्या गल्लीतल्या एका मराठी मुलालाही त्याच उन्हाळ्यात इंटर्नशिप मिळाली, मुलगा गुणी आहे, मला त्याचं कौतुक आहे. वडिलांच्या जुन्या सहकाऱ्याने रेझ्युमे थेट टीमच्या मॅनेजरकडे पाठवला होता. दोघांना येणारं पायथन सारखंच. एकाचा रेझ्युमे एका माणसाने वाचला, दुसऱ्याचा कुणीच नाही. रेफरल म्हणजे यापेक्षा वेगळं काय असतं? आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज "कुणाच्या कंपनीत ओपनिंग आहे का" असं येतं आणि तासाभरात दोन जण हात पुढे करतात. आपण एकमेकांना धरून राहतो म्हणून टिकलो. पण ज्यांच्या ओळखीत कुणी डायरेक्टर नाही, त्यांच्यासाठी ही भिंत आहे, आणि ती आपण बांधतो आहोत हे आपल्या लक्षातही येत नाही. कृष्णवर्णीयांची बेरोजगारी १९७२ पासून मोजली जाते. तेव्हापासून आजवर ती बहुतेक काळ गोऱ्यांच्या सुमारे दुप्पट राहिली आहे. मधल्या काळात शिक्षण किती वाढलं ते बघा, म्हणजे या दुपटीचं गांभीर्य कळेल. हार्वर्डचे राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवलं की एकाच वस्तीत, सारख्याच उत्पन्नाच्या घरात वाढलेल्या कृष्णवर्णीय आणि गोऱ्या मुलग्यांमध्येही मोठेपणी कमाईत फरक पडतो, आणि देशातल्या ९९ टक्के वस्त्यांमध्ये पडतो. चांगली वस्ती, चांगली शाळा, दोन पालक, पैसा, सगळं असूनही.

अटींचाही विचार करा. नॉर्थ कॅरोलिनात ड्यूक पॉवर कंपनीच्या वीज केंद्रात कृष्णवर्णीय कामगारांना फक्त झाडलोट-हमालीच्या विभागात ठेवत. २ जुलै १९६५ रोजी नोकरीतला वर्णभेद बेकायदा झाला आणि नेमक्या त्याच दिवशी कंपनीने दुसऱ्या विभागांत जायला चाचण्यांची अट घातली. हायस्कूलची अट होतीच. आधीपासून तिथे असलेले गोरे कामगार या अटींशिवाय उत्तम काम करत होते. १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, अट कामाशी जोडलेली असली पाहिजे. तुमच्या टीमच्या जाहिरातीत 'मास्टर्स आवश्यक' लिहिलेलं असतं, ते काम खरंच मास्टर्सवाचून अडतं का? मेरीलँडने २०२२ मध्ये राज्य सरकारच्या हजारो नोकऱ्यांवरची पदवीची अट काढून टाकली. काही कोसळलं नाही.

"आम्हीही काही न घेता आलो, कष्टाने वर आलो." हे तर प्रत्येक संमेलनात ऐकू येतं. कष्ट खरेच आहेत, मी ते पाहिलेत आणि केलेतही. पण काही न घेता आलो हे खरं नाही. मी सातारा जिल्ह्यात रयतच्या शाळेत शिकले, पुढे जवळजवळ फुकटात सरकारी कॉलेजात. तुमच्यातले कितीतरी जण सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजातून आलात, जिथे वर्षाची फी एका पगारात बसायची. आणि या देशाचं दार आपल्यासाठी उघडलं ते कुणामुळे? १९६५ पूर्वी भारतातून वर्षाला फक्त १०० जणांचा कोटा होता. ऑक्टोबर १९६५ मध्ये तो कायदा बदलला, १९६४ मध्ये नागरी हक्कांचा आणि १९६५ मध्ये मतदानाचा कायदा झाला त्याच लाटेत. अलाबामातल्या सेल्मामध्ये मतदानाच्या हक्कासाठी ज्यांनी लाठ्या खाल्ल्या, त्यांच्या चळवळीच्या जोरावर आपल्या व्हिसाचा रस्ता झाला. आणि आपण आलो तेही निवडून, गाळून, पदव्या पाहून. एका अख्ख्या समाजाची, ज्याला दोनशे चाळीसहून अधिक वर्षं गुलामीत ठेवलं, त्याच्याशी या गाळलेल्या मूठभरांची तुलना करणं अन्यायाचं आहे.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपला ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामी नष्ट करणाऱ्या लोकांना अर्पण केला. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी सांगितलं की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या शिक्षणावर. एजवूडच्या पालकांनी न्यायालयात मांडलेलं म्हणणं याहून फार निराळं नव्हतं. बाबासाहेब १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आले, कृष्णवर्णीयांच्या हार्लेम वस्तीला लागूनच. शिष्यवृत्ती नसती तर? हा आपला वारसा आहे, फक्त १४ एप्रिलला हार घालण्यापुरता तो नसावा.

एका अवघड गोष्टीबद्दलही लिहिते, कारण ती टाळली तर हे पत्र अर्धवट राहील. व्हर्जिनियात फेअरफॅक्सच्या थॉमस जेफरसन विज्ञान हायस्कुलाने २०२० मध्ये प्रवेश परीक्षा बंद केली आणि प्रत्येक मिडल स्कूलच्या वरच्या दीड टक्का मुलांसाठी जागा ठेवल्या. कृष्णवर्णीय मुलांचं प्रवेशातलं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास होतं ते सात टक्क्यांच्या घरात गेलं, आशियाई मुलांचं ७३ वरून ५४ वर आलं. भारतीय पालक विरोधात पुढे होते, खटला हरले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ऐकायला नकार दिला. त्या पालकांचं दुःख मला कळतं. वर्षानुवर्षं तयारी करून घेतलेल्या मुलाची जागा गेली की आईबापाला लागतंच. तरीही मला नवी पद्धत योग्य वाटते. ज्या मिडल स्कूलमधून वर्षानुवर्षं एकही मूल जात नव्हतं, तिथे हुशार मूल जन्मालाच आलं नसेल यावर माझा विश्वास नाही. मी रोज त्यांना शिकवते.

आता मागणं. मोठं काही नाही, पण नेमकं आहे. शिकागोत काही वर्षांपूर्वी अतिहिंसाचार असलेल्या भागातल्या तेरा हायस्कुलांतल्या १,६३४ मुलांमधून चिठ्ठ्या टाकून काहींना आठ आठवड्यांचं उन्हाळी काम दिलं, किमान वेतनावर. पुढच्या सोळा महिन्यांत हिंसक गुन्ह्यांसाठी होणाऱ्या अटका त्यांच्यात ४३ टक्क्यांनी कमी झाल्या. आठ आठवडे फक्त. आपल्या मंडळांच्या सभासदांत आयटी कंपन्यांचे मालक आहेत, दवाखाने आहेत, फार्मसी आहेत, अकाउंटिंगची ऑफिसं आहेत. प्रत्येकाने एक जागा द्यावी, पगारी. बिनपगारी इंटर्नशिप माझ्या मुलांना परवडत नाही, त्यांच्या घरी जुलैचं वीजबिल असतं. जागा बसने पोचता येईल अशी असावी, नाहीतर जाण्यायेण्याची सोय करावी. टर्नपाइकच्या एक्झिट ८-ए भोवती गोदामांत कामं भरपूर आहेत, पण गाडी नसलेल्या मुलाला ती चंद्रावर असल्यासारखी आहेत. अठराच्या आतल्या मुलांना वर्किंग पेपर्स, म्हणजे कामाची सरकारी परवानगी लागते, तिचा अर्ज भरायला मुलांना मी मदत करेन.

मोठ्या कंपन्यांत जे आहेत त्यांनी वर्षातून एक रेफरल आपल्या वर्तुळाबाहेरच्या मुलासाठी वापरावं. पॅनेलवर असाल तर सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, आणि गुण आधी लिहून मग चर्चा, एवढं धरून बसा. प्लॅनिंग बोर्डाच्या सभेला घरांच्या बाजूने बोलायला दोन माणसं जरी उभी राहिली तरी रांगेचा सूर बदलतो, हे मी पाहिलंय. ज्यांना गणित येतं त्यांनी शनिवारी सकाळी आठवीच्या मुलांना अल्जेब्रा शिकवायला यावं. शिकवणं मराठी शाळेत जमतं, तिथेही जमेल.

उन्हाळ्याच्या जागा बहुतेक ठिकाणी हिवाळ्यातच ठरून जातात. माझ्या वर्गाचे रेझ्युमे जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तयार असतील, पूर्ण नावांसकट. कार्यकारिणीने डिसेंबरच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि कोण किती जागा देणार हे मला कळवावं. मंडळाच्या सचिवांकडे माझा फोन नंबर आहे. बैठकीला मला बोलावलंत तर दोन विद्यार्थ्यांना सोबत घेऊन येईन, त्यांना काय येतं ते ती स्वतःच सांगतील.

आपली,
एक गणित शिक्षिका
न्यू जर्सी